पंपघराचा पहारा

त्यांच्या खेळात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या आणि शेवटी कोणी जिंकतही नसे. बाहेरच्या माणसाला वाटे, चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांना थापा मारताहेत. ते अगदीच खोटं नव्हतं. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. सांगणारा म्हणे, "समोर लोखंडी दार आहे." मग ज्याला जे सुचेल ते त्याने तोंडाने करायचं, "मी दार ढकलतो." दार उघडलं की नाही ते आकडा ठरवी. हा खेळ तेव्हा नुकता कुठे निघाला होता आणि त्याचे ते बारा-वीस बाजूंचे फासे इथपर्यंत पोचले नव्हते. म्हणून आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या चष्म्याच्या रिकाम्या घरात घालून हलवायच्या आणि त्यातली एक उचलायची.

चष्म्याचं घर, कारण खेळ चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चाले. दुकान धाकट्याचं, आणि गोष्ट सांगणाराही तोच. दर शनिवारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की टपाल कचेरीतल्या खिडकीवर बसणाऱ्या बाई येत. त्या खेळात राज्यावरून हाकललेली राणी होत्या. छापखान्यात प्रुफं तपासणारा एक किडकिडीत गृहस्थ येई, त्याला सगळे काना-मात्रा म्हणत. तो जादूगार. आणि चौथा दादा.

दादा म्हणजे धाकट्याचा सख्खा मोठा भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील लवकर गेले तेव्हा यानेच मशीनवर पाय मारून धाकट्याला शिकवलं. वहिनी गेल्यापासून मात्र दादाचं बोलणं आटलं होतं. दुकान ते घर, घर ते दुकान. शेवटी धाकट्याची बायकोच म्हणाली, "त्यांना तुमच्या त्या थापेबाजीत तरी न्या. भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं."

पहिले काही शनिवार दादा नुसता बसून राहिला. मग एकदा धाकटा म्हणाला, "समोर लोखंडी दार आहे," आणि दादाने घसा खाकरून विचारलं, "कडी आतून आहे की बाहेरून?"

त्या दिवशी धाकट्याला इतका आनंद झाला, की त्याने कडीच काय, बिजागऱ्यासुद्धा सांगितल्या.

पण तो आनंद फार टिकला नाही. दादा शिपाई झाला होता, आणि हा शिपाई शिंप्यासारखा वागे. आधी माप, मग खडू, मग कात्री. दार पूर्वेला की पश्चिमेला? ऊन कुठून येतं? उंबरा किती उंच? कोणी धावत आत शिरलं तर अडखळेल का? त्याची पाळी आली की टपालबाई चहा ठेवायला उठत आणि चहा होऊन कपात पडेपर्यंत शिपाई अजून दारातच असे.

"दादा, आत राक्षस आहे हो," काना-मात्रा म्हणे. "तो म्हातारा होऊन मरेल."

"मरू दे की. आपलं काम झालं," दादा म्हणे, आणि सगळे हसत.

धाकट्याने यावर एक तोड काढली. गोष्ट रंगात आली की तो म्हणे, "शिपायाने इथे पहाऱ्याला थांबायचं. बाकीचे आत जातात." दादा लगेच मान डोलवी. मग पुढची सगळी धावपळ इतर दोघांची. दादा बशीतून चहा पीत ऐकत बसे, आणि मध्येच न राहवून सल्ला देई, "राणीसाहेब, मागे जिना असेल बघा."

"पहारेकऱ्याला ऐकू येत नाही," टपालबाई दटावत.

"पहारेकऱ्याने बोलायचं नाही," काना-मात्रा साथ देई.

"बरं बाबा, मी मुका," असं म्हणून दादा आणखी एक सल्ला देई. त्या खोलीत दादाला लोक रागवत, चिडवत, आणखी चहा ओतत. पहाऱ्यावर ठेवलेला माणूस टेबलापाशीच बसलेला असतो. बैठ्या डावाची हीच गंमत, आणि तिची सवय झाली की ती गंमत आहे हेही लक्षात राहत नाही.

मग एक दिवस शेजारच्या शहरातल्या एक बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या. कॉलेजात नाटक शिकवत. धाकट्याच्या टेबलावर भुयारांचा नकाशा पडलेला बघून त्यांनी विचारलं आणि धाकट्याने हौसेने सगळं सांगितलं.

"तुम्ही बसून खेळता?" बाई म्हणाल्या. "आम्ही उभ्याने खेळतो. सोंग घ्यायचं, मोकळ्या जागेत जायचं आणि खरंच करायचं. भुयार म्हटलं की वाकून चालायचं. पळायचं म्हटलं की पळायचं. या ना एकदा तुमची मंडळी घेऊन."

शनिवारी हे कळताच काना-मात्रा म्हणाला, "म्हणजे माझे गुडघेसुद्धा खेळणार?"

"तोंडाने तलवार मारायला काय लागतं?" टपालबाई म्हणाल्या. "आता कळेल."

दुसऱ्या दिवशी दादा मापाची टेप गळ्यात घालून सगळ्यांकडे गेला. एका बंद पडलेल्या हॉटेलच्या पडद्यांचं कापड त्याच्याकडे पडून होतं. त्यातून त्याने राणीचा झगा शिवला, जादूगाराचा पायघोळ अंगरखा शिवला आणि धाकट्यासाठी, तो आता सेनापती होता म्हणून, लाल अस्तराचा डगला शिवला. काजं हाताने केली. स्वतःसाठी कापड उरलं नाही. मग उरलेल्या चिंध्या, निळ्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या, जोडून त्याने शिपायाचा अंगरखा केला आणि डोक्याला पत्र्याच्या गाळणीचं शिरस्त्राण.

उभा डाव शहराबाहेरच्या जुन्या पाणीपुरवठ्याच्या आवारात होता. पाणी गाळायच्या कोरड्या टाक्या, वाढलेलं गवत आणि कालव्याच्या बंधाऱ्यापलीकडे एक दगडी पंपघर. नाटकवाल्या बाईंची मंडळी आधीच आली होती. सगळी तरणीताठी, कातडी पट्टे, रंगवलेल्या ढाली, लाकडी तलवारींना लागू नये म्हणून नमद्याचं मऊ जाड कापड गुंडाळलेलं. बाईंनी नियम सांगितले. तलवार लागली की मरायचं, दंडाला पांढरी फीत बांधायची आणि झाडाखाली जाऊन बसायचं. शिटी वाजली की डाव संपला.

दादाने हात वर केला. "बाई, हाताला लागली तर?"

"हात गेला असं समजायचं."

"डावा की उजवा?"

"ज्याला लागली तो."

"आणि करंगळीला लागली तर?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणीतरी. दादा त्यांच्याकडे बघून हसला, कारण शनिवारी असंच हसत. त्याला दोन हसण्यांतला फरक कळला नाही. धाकट्याला कळला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने पहिल्यांदा दादाकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहिलं. चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर गाळणी, पिकलेल्या मिशा. शेतातलं बुजगावणं रजा घेऊन आल्यासारखं.

पट्टेवाल्या एका पोराने हळूच विचारलं, "हे कोण हो?"

"आमचे शिंपी," धाकटा म्हणाला. "कपडे शिवलेत त्यांनी."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून गेलं. दादा जवळच उभा होता, शिरस्त्राणाची नाडी बांधत. त्याने वर पाहिलं नाही.

डाव सुरू झाला. धाकट्याच्या टोळीला कालव्यापलीकडून टाक्यांकडे जायचं होतं. दादाला पळवेना. बंधारा चढताना तो बसून चढला, आणि वर पोचल्यावर विचारू लागला, की पलीकडच्या टोळीला हा रस्ता माहीत असेल का. खाली टोळीतली पट्टेवाली पोरं वाट बघत होती. पंपघराशी येताच धाकटा म्हणाला, "शिपायाने इथे पहाऱ्याला थांबायचं. आमच्यामागून कोणी आलं तर अडवायचं. मी न्यायला येईपर्यंत हलायचं नाही."

"जशी आज्ञा," दादा म्हणाला आणि काठीचा भाला छातीशी धरून दारापुढे उभा राहिला.

त्यानंतरचा डाव अप्रतिम झाला. धाकटा खरोखर धावला, खरोखर वाकून पाइपातून गेला. टपालबाईंनी एका ढालवाल्याला असं दरडावलं, की तो खेळ विसरून "सॉरी मावशी" म्हणाला. काना-मात्रा लवकर मेला आणि झाडाखाली बसून सगळ्यांच्या चुका काढत राहिला. शिटी वाजली तेव्हा माणसं घामाने निथळत होती आणि जुन्या ओळखीची झाली होती. नाटकवाल्या बाईंनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. सगळे फाटकाबाहेरच्या खानावळीत जाऊन बसले. कोण कसं मेलं, कोणी फसवलं, पुन्हा कधी. ऊन कलेपर्यंत बोलणं संपेना.

टपालबाई काना-मात्राची बशी पुढे सरकवत सहज म्हणाल्या, "दादांना द्या आधी."

आणि मग टेबलाभोवती सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

शिटी पंपघरापर्यंत जात नाही हे धाकट्याला माहीत नव्हतं, हे खरं. पण खानावळीत बसल्यापासून दादाची आठवणच झाली नाही, हे खरं नव्हतं. आठवण झाली होती. पहिल्याच घोटाला झाली होती. आणि त्याने ती बाजूला सारली होती, 'येईलच, दादा काय लहान आहे,' असं म्हणून. त्या हसऱ्या टेबलाशी गाळणीवाला माणूस येऊन बसला तर काय होईल, हे त्याच्या मनात आलं होतं.

"मी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही बसा."

बंधारा चढताना त्याच्या डगल्याचं लाल अस्तर झुडपात अडकलं. ते फाटलं नाही, शिवण पक्की होती.

दादा उभा नव्हता. पंपघराच्या पायरीवर पाय पसरून बसला होता. अंगरखा काढून त्याने नीट घडी घातली होती, वर शिरस्त्राण ठेवलं होतं. शेजारी कालव्याची दारं सोडणारा कामगार विडी ओढत बसला होता. धाकट्याला येताना बघून त्याने विचारलं, "हे कोण?"

"माझा भाऊ," दादा म्हणाला. "मला न्यायला आलाय."

"बराच वेळ लावला की भावाने."

"खेळ मोठा होता," दादा म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. उठताना त्याला कळ आली. धाकट्याने हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. भाल्याची काठी धरली.

वाटेत धाकटा म्हणाला, "दादा, शिटीचं लक्षातच आलं नाही. मला वाटलं, ऐकू येईल."

"हो."

"रागावलास?"

दादा थोडं चालला. मग म्हणाला, "टेबलावरही तू मलाच ठेवायचास. कळत नव्हतं असं नाही. तिथे चहा होता, म्हणून चालायचं."

खानावळीत सगळे उठून उभे राहिले. टपालबाई नुसती खुर्ची पुढे-मागे करत राहिल्या. दादाच त्यांच्या मदतीला धावला. "माझीच चूक. सावली बघून जरा पडलो, तर डोळाच लागला. हा बिचारा हाका मारून दमला असेल."

मंडळी सुटल्यासारखी हसली. काना-मात्रा म्हणाला, "पहारेकऱ्याने झोपायचं नाही, दादा." दादाही हसला. धाकट्याने ताटात मान घातली. त्या थापेचं पांघरूण दादाने त्याच्या अंगावर घातलं होतं आणि त्याने ते गपचूप ओढून घेतलं.

पुढचा आठवडा धाकट्याला काही सुचेना. भिंगं घासताना एक वेडंवाकडं गेलं. गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्यापुढे बसवून तो भलतीकडेच बघत राही. बायकोने खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं, 'आमचे शिंपी' इथपर्यंत. ती म्हणाली, "तुमचा पहिला शाळेचा गणवेश कोणी शिवला होता?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

शनिवारी दादा आला. नेहमीच्या खुर्चीत बसला. धाकट्याने चष्म्याचं घर हातात घेतलं, परत ठेवलं आणि म्हणाला, "खेळाआधी एक सांगायचंय. दादा झोपला नव्हता. मी त्याला मुद्दाम तिथे ठेवलं. त्या लोकांसमोर मला त्याची लाज वाटली. हा माझा भाऊ आहे हेसुद्धा मी सांगितलं नाही. आणि खानावळीत मला तो आठवला होता, तरी उठलो नाही."

बोलून झाल्यावर त्याला मोकळं वाटलं. किती मोकळं वाटलं, याचं त्याला नवल वाटलं. मग त्याने दादाकडे पाहिलं.

दादाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. टपालबाई टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. काना-मात्रा, ज्याला प्रत्येक वाक्यात काहीतरी दुरुस्त करायचं असे, तो घरातल्या चिठ्ठ्या सारख्या करत बसला. दादा उठला, टोपी घेतली.

"दादा, अरे—"

"मी ते झाकलं होतं," दादा हळू आवाजात म्हणाला. "तुझं नव्हे, माझं. झोपाळू म्हणून हसले असते, ते चाललं असतं. भावाला लाज वाटते असा माणूस म्हणून आता हे माझ्याकडे बघणार. तुला हलकं वाटावं म्हणून तू मला पुन्हा सगळ्यांपुढे उभं केलंस." आणि अर्ध्या शटरखालून वाकून तो निघून गेला.

"जा की मागे," टपालबाई म्हणाल्या.

"आत्ता नको," काना-मात्रा म्हणाला. "आत्ता गेलात तर तेही स्वतःसाठीच होईल."

धाकटा दोन दिवसांनी गेला. दुपारची वेळ होती, गल्ली निवांत होती. दादा मशीनवर होता. त्याने नजर उचलली नाही, पण पायाने स्टूल पुढे सरकवलं. धाकटा बसला. काय बोलायचं ते त्याने घरून पाठ करून आणलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं. माफी मागावी तर दादा 'असू दे' म्हणणार, आणि मग ते खरंच तसंच असू दिलं जाणार.

"दोरे काढ," दादा म्हणाला आणि एका पँटची उसवलेली दुमड त्याच्या मांडीवर टाकली.

धाकटा दोरे काढू लागला. लहानपणी हेच काम त्याचं होतं.

"शनिवारी येशील?" त्याने शेवटी विचारलं.

"शनिवारचं शनिवारी बघू."

म्हणजे नाही, किंवा अजून नाही. विचारायचा आपला हक्क उरलेला नाही हे धाकट्याला समजलं, तरी रडू आवरायला त्याला दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागलं. आणि मग, आधी ठरवलेलं नसताना, त्याने विचारलं, "पंपघराशी तू काय करणार होतास? मागून कोणी आलं असतं तर?"

मशीन थांबलं. दादाने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा आहे का, हे तो बघत होता.

"तुला कशाला?"

"मला माहीत नाही म्हणून. कधी ऐकलंच नाही पूर्ण."

दादाने सुईखालचं कापड सोडवलं, उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा ठेवलं. "दारापुढे उभं राहणं चूक होतं," तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून राहिलो. ऊन समोरून येत होतं. येणारा मला आधी बघणार, मी त्याला नंतर. दाराला कुलूप होतं, म्हणजे आतून भीती नाही. मग मी दारापुढे कशाला? मी मागे गेलो. मागे एक खिडकी आहे, गज तुटलेली. तिच्याखाली—"

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन आत आल्या. मुलीच्या झग्याची लांबी वाढवायची होती. दादाने झगा उलटा केला, आत किती कापड दुमडलंय ते बघितलं, दोन बोटं सोडता येईल म्हणाला, कधी देणार ते सांगितलं. बाई म्हणाल्या, जरा लवकर करा. दादा म्हणाला, लवकर केलेलं उसवतं. बाई गेल्या. धाकट्याने हातातली पँट बाजूला ठेवली नव्हती, पण दोरे काढायचं थांबवलं होतं.

"कुठे होतो मी?" दादाने विचारलं.

"खिडकीखाली," धाकटा म्हणाला. "मागच्या. गज तुटलेल्या."

"हां." दादाने खुर्ची थोडी त्याच्याकडे वळवली. "तर तिथे खाली विटांचा ढीग होता. मी आधी एकेक वीट हलवून बघितली, सुटी कुठली, पक्की कुठली..."